नऊ कड्यांची ओळ

किशोर भामरेला नाशिक सोडायचं होतं आणि नाशिक त्याला सोडत नव्हतं. यात नाशिकला दोष देण्यात अर्थ नाही, शहराने काही त्याचा पाय धरला नव्हता. पाय धरला होता किशोरने स्वतःच लिहिलेल्या एका ओळीने, आणि ही गोष्ट त्याच्याशिवाय कोणालाही माहीत नव्हती. बायकोलासुद्धा नाही.

द्वारका चौकाच्या अलीकडे, टायरच्या दुकानाच्या वर, कारभारी ताजणे यांचं ऑफिस होतं. सगळे त्यांना भाऊ म्हणत. भाऊ मूळचे निफाडकडचे. घरची द्राक्षबाग धाकट्या भावाच्या ताब्यात देऊन त्यांनी कॉम्प्युटरचा धंदा काढला तेव्हा गावाने त्यांना वेड्यात काढलं होतं. पण भाऊंनी बरोबर जागा हेरली. परदेशी माल पाठवणाऱ्या पॅकहाउसांना सॉफ्टवेअर हवं होतं. बागायतदार सकाळी माल आणतात, बायका कात्रीने एकेक घड साफ करून पेट्या भरतात, पेट्या थंड खोलीत जातात आणि तिथून कंटेनरमध्ये चढतात. कोणती पेटी कोणत्या कंटेनरमध्ये आणि कोणाच्या आधी चढवायची, ते भाऊंचं सॉफ्टवेअर सांगायचं.

हा निवाडा करणारा भाग सुरुवातीला हिरामण नावाच्या प्रोग्रॅमरने लिहिला होता, अगदी साध्या लूपमध्ये, म्हणजे त्याच आज्ञा दर पेटीला पुन्हा पुन्हा. एक पेटी घे. माल कोणाचा ते बघ. तपासणीचा अहवाल आलाय का बघ. आला असेल तर इकडे ठेव, नसेल तर तिकडे. आता पुढची पेटी घे. परातीत गहू घेऊन निवडत बसावं तसं ते पानंच्या पानं चालायचं. किशोरला त्याचं हसू यायचं. दोन हजार तीनच्या सुमारास त्याने इंटरनेटवर वेगळ्याच पद्धतीने लिहिणाऱ्यांचा प्रोग्रॅम पाहिला आणि त्याचं डोकं फिरलं. ती माणसं एकेक दाणा निवडतच नव्हती. सगळी रास एका चाळणीत ओतायची, खाली पडेल ते दुसऱ्या चाळणीत, तिथून तिसऱ्या. मॅप, ग्रेप, सॉर्ट, म्हणजे बदल, निवड, क्रम लाव, अशा आज्ञा एकात एक ओवत जायचं. द्राक्षाच्या धंद्यात ग्रेप, यावर ऑफिसात पुरेसे विनोद झाले.

आठवडाभर किशोर जेवणखाण विसरला आणि त्याने हिरामणची सगळी पानं एका ओळीत बसवली. नऊ कड्यांची साखळी, शेवटी एक अर्धविराम, संपलं. चाचणीला घेतलेल्या पेट्यांचे निकाल तेच आले, उलट लवकर आले. ऑफिसात टाळ्या पडल्या, भाऊंनी पेढे आणवले. हिरामण बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"छान आहे रे," तो म्हणाला, "पण यात पेटी कुठंय?"

किशोरने ते बोलणं हसण्यावारी नेलं. पुढे हिरामण नोकरी सोडून देवळ्याला गेला आणि किशोरने त्याची पानं पुसून टाकली. जागा अडवून ठेवायला ती काय सोन्याची होती?

आता, त्या नव्या पद्धतीला नावं ठेवायचं कारण नाही. चाळणी चांगली असली तर चांगलंच चाळते. पण चाळणीची भोकं केवढी आणि तिच्यातून काय पडावं असं आपल्या मनात होतं, हे कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. किशोरने ते लिहिलं नव्हतं. कड्यांना नावं दिली होती ती क्ष, य आणि अ. ज्याला एवढी अक्कल आहे त्याला कळेल, असं तेव्हा त्याचं म्हणणं होतं.

दुसऱ्या हंगामात नवा नियम आला तेव्हा त्याने ती ओळ उघडली आणि त्याला ती वाचता येईना. आधी वाटलं, आज डोकं जड आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसला. चौथ्या कडीपर्यंत जायचा आणि पाचवीत शिरताच हातातलं निसटायचं, की परत पहिल्यापासून. शेवटी त्याने ओळीला हात न लावता तिच्या आधी एक तुकडा जोडला आणि नंतर एक. काम भागलं. पुढच्या वर्षी आणखी ठिगळं लागली, आधी आणि नंतर. आत मात्र तो कधीच गेला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मूठ झाकलेलीच ठेवायची तर हात सोडवून जाता येत नाही.

एकदा निफाडच्या पॅकहाउसमधून मॅनेजर सावळीरामचा फोन आला होता. "किशोरभाऊ, काही ठरावीक लोकांचा माल दर खेपेला शेवटीच का येतो हो? लोकं इचारत्यात." किशोरने ओळ उघडली, तिच्याकडे पाहिलं आणि ती बंद केली.

"लॉजिक तसंच आहे," तो म्हणाला. सावळीरामने बिचाऱ्याने फोन ठेवला. कॉम्प्युटरपुढे कोण बोलणार?

मग मीनाची, म्हणजे त्याच्या बायकोची, पुण्याला बदली झाली. ती बँकेत होती. लेक जुई तिच्याबरोबर गेली. किशोरने सांगितलं, हंगाम संपला की मीही येतो. हंगाम संपले. दर शनिवारी तो सिन्नर, संगमनेर करत पुण्याला जायचा आणि रविवारी संध्याकाळी परत बसमध्ये बसायचा. जुई त्याला पाहुण्याला दाखवावीत तशी आपली चित्रं दाखवायची आणि 'बाबा, तुम्ही चहा घेणार का' म्हणून विचारायची. ते ऐकलं की त्याला तिथेच रडावंसं वाटे.

भाऊ वाईट नव्हते. "मी तुला बांधून ठेवलंय व्हय?" ते म्हणायचे. "माणूस तयार कर आन् खुशाल जा. ती वळ दुसऱ्याला आली पायजे, बस." तीन जण येऊन गेले. तिघांनीही त्या ओळीबद्दल विचारलं आणि तिघांनाही किशोरने एकच उत्तर दिलं, अनुभवाने कळेल. तिघेही अनुभव यायच्या आत पळाले. भाऊ कौतुकाने म्हणायचे, किशोरसारखं डोकं पुन्हा मिळणं कठीण. किशोर मान खाली घालून हसायचा आणि आतल्या आत आणखी एक इंच खचायचा.

दोन हजार आठच्या एप्रिलमध्ये पुण्याच्या एका कंपनीने त्याला जूनपासून बोलावलं. मीनाने फोनवर शांतपणे सांगितलं, "या जूनला आलास तर आलास. नाही आलास तर मी वाट बघायचं सोडणार. भांडत नाहीये मी. थकलेय." ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

त्याच महिन्यात चौथी आली. उजमा अन्सारी. मालेगावची, बापाचे चार यंत्रमाग, घरातली पहिली इंजिनीयर. बोलायची कमी आणि बघायची फार. आठवडाभरात तिने ठिगळं वाचून काढली आणि ओळीपाशी येऊन थांबली.

"सर, हे मी लूपमध्ये लिहून बघू का?"

किशोरला ते लागलं. "लूप? ते कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात, उजमा. एका ओळीत होतंय ते दोनशे ओळींत कशाला लिहायचं?"

"दोनशे ओळी वाचता येतात, सर."

"हीसुद्धा येते. सवय लागते."

"मग एकदा तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा ना. मी लिहून घेते."

पंखा कर्र कर्र करत होता. खाली कोणीतरी टायरवर हातोडा मारत होतं. किशोर म्हणाला, आत्ता वेळ नाही. उजमाने मान हलवली, पण ती जागची हलली नाही.

"सर, एक विचारू? रागावू नका. तुम्ही दरवेळी या ओळीच्या आधी लिहिता, नाहीतर नंतर लिहिता. आत कधीच नाही. आमच्याकडे एक माग बरीच वर्षं बंद आहे. अब्बा रोज बाकीचे तीन पुसतात, चौथ्याच्या भोवतीने झाडू मारतात, पण त्याला हात लावत नाहीत. कोणी विचारलं तर म्हणतात, चांगला आहे की, आज लावला नाही इतकंच."

किशोरने इकडेतिकडे पाहिलं. ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं. त्याला पोरीचा संताप आला, आणि संतापाच्या पाठोपाठ एवढा थकवा आला की त्याला खोटं बोलायचंसुद्धा त्राण उरलं नाही.

"मला येत नाही वाचता," तो म्हणाला. "चार वर्षं झाली."

उजमा हसली नाही. त्याबद्दल किशोर तिचा जन्मभर ऋणी राहायला तयार होता. तिने खुर्ची ओढली आणि म्हणाली, "मग एकच पेटी सोडू या आत. प्रत्येक कडीतून काय बाहेर पडतं ते बघू."

दोघं कामाला लागले. आधी आहे तसं उतरवायचं, दुरुस्ती मग, असं किशोरने सांगून टाकलं. एक पेटी पहिल्या कडीत टाकायची, बाहेर येईल ते छापायचं, त्याचा अर्थ साध्या मराठीत वर लिहायचा आणि खाली तेवढाच लूप. किशोरला आधी लाज वाटत होती, मग हळूहळू मजा वाटू लागली. पाचवी कडी उलगडली तेव्हा तर तो मोठ्याने हसला. एवढंच होतं होय? इतक्या वर्षांत इतकी हलकी दुपार त्याला आठवत नव्हती. चहा मागवताना त्याने मनातल्या मनात नाशिकची खोली रिकामी करायलाही सुरुवात केली, गादी कोणाला द्यायची, सायकल कोणाला.

सहावी कडी पेट्यांचे गट पाडत होती. गाव, नाव, मधलं नाव आणि आडनाव एकत्र करून. किशोरला आता ते आठवलं. एकेका गावात एकाच नावाआडनावाचे चार चार बागायतदार असतात, वेगळं ओळखू येतं ते बापाच्या नावावरून. हे त्याचं त्याला सुचलं होतं आणि तेव्हा त्याचा त्याला फार अभिमान वाटला होता. तो स्वतः पहिलीपासून किशोर पंढरीनाथ भामरे लिहीत आला होता.

"आणि ज्याला मधलं नावच नसेल त्याचं काय होतं?" उजमाने विचारलं.

"असं कसं नसेल?"

उजमाने त्याच्याकडे पाहिलं. "उजमा अन्सारी. एवढंच आहे, सर. दहावीच्या फॉर्मवर मधल्या रकान्यात मास्तरांनी रेघ मारली होती."

त्यांनी विंचूरच्या रहेमान पठाणची, मधला रकाना कोरा असलेली, एक पेटी आत सोडली. सहाव्या कडीत तिचा गट लागेना. सातवीने तिला उरलेल्यांत टाकलं. आठवीने तपासणी केली, माल उत्तम ठरवला. नववीने सगळ्या गटांना जागा दिली आणि मग, शिल्लक राहिलीच तर, उरलेल्यांना. पेटी कंटेनरच्या दाराशी सगळ्यांत शेवटी येऊन उभी राहिली. मागचा दिवस घेतला, तेच. मागचं वर्ष घेतलं, तेच. पाच हंगाम मधलं नाव नसलेल्या माणसांचा माल जागेची वाट बघत थंड खोलीत पडून राहिला होता. पडून राहिलेल्या द्राक्षाचं काय होतं ते नाशकात कोणाला सांगावं लागत नाही. देठ काळवंडतो, मणी मऊ पडतो आणि परदेशी जायचा माल गावच्या बाजारात जातो.

किशोरला सावळीरामचा फोन आठवला. लॉजिक तसंच आहे.

"हे दुरुस्त करून टाक," थोड्या वेळाने तो म्हणाला. "दोन ओळींचं काम आहे. ओळ तुला आली का ते बघून मला मोकळं करायला सोमवारी भाऊ येणार आहेत. त्यांना हे जुनं कशाला दाखवायचं?"

"आधी आहे तसं उतरवायचं आणि मग दुरुस्त करायचं, असं तुम्हीच म्हणाला होतात." तिने कीबोर्ड हळूच त्याच्याकडे सरकवला. "दुरुस्ती तुम्ही करा, सर. ओळ तुमची आहे."

त्या शनिवारी किशोर पुण्याला गेला नाही. रविवारी त्याने मीनाला फोनवर सांगितलं, उद्या सुटतो, उद्या भाऊ मला मोकळं करणार आहेत. तिकडे ती एवढी आनंदली की त्याला पुढे बोलवेना. मग दिवसभर तो त्या लूपसमोर बसला. आता सगळं लख्ख दिसत होतं आणि तोच घोटाळा होता. कोणालाच वाचता येत नव्हतं म्हणून तो इतकी वर्षं अडकला होता, आणि आता कोणालाही वाचता येईल म्हणून अडकला होता. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय! दोन ओळी बदलल्या की संपलं. कोण विचारणार? त्या माणसांचा माल पुढच्या वर्षी आपोआप पुढे येईल, ती देवाचे आभार मानतील आणि तो जुईला शाळेत सोडायला जाईल. त्याने दोन ओळी लिहिल्या. पुसल्या. पुन्हा लिहिल्या आणि पुन्हा पुसल्या. तो फार धीराचा माणूस होता म्हणून पुसल्या असं नाही. पुसल्या नाहीत तर बरं वाटत नव्हतं आणि पुसल्या तर त्याहून वाईट वाटत होतं.

सोमवारी सकाळी भाऊ ठरल्या वेळेच्या आधीच आले. ओळी पुसलेल्या असताना आले. किशोरच्या मागे उभे राहून त्यांनी चष्मा लावला आणि पडद्यावर बोट ठेवून, शाळेत धडा वाचावा तसं ते मोठ्याने वाचायला लागले.

"एक पेटी घे. मालकाचं गाव बघ. आरं!" त्यांचा चेहरा फुलला. "हे तर मला बी कळतंय की! बी. एस्सी. ॲग्री नापास माणसाला कळतंय! वा रं पोरी." ते वाचत सुटले. तपासणीचा अहवाल, पेटीचा दर्जा, गावाचा गट. मग त्यांचं बोट एका ठिकाणी थांबलं. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. "मधलं नाव कोरं असेल तर पेटी उरलेल्यांत टाक." बोट खाली सरकलं. "सगळ्या गटांच्या पेट्या चढल्या आणि जागा उरली, तर उरलेल्यांना दे."

भाऊंनी चष्मा काढला. मधलं नाव कोणाला नाही ते कळायला त्यांना यादी बघायची गरज नव्हती. तीसचाळीस वर्षं त्या गावांत गेली होती.

"रहेमानभाई," ते म्हणाले. "त्याचा चुलता. आन् आपली भागीबाई." मग उजमाकडे वळून त्यांनी विचारलं, "हे तू लिव्हताना चुकून आलं का, पोरी?"

उजमा गप्प राहिली. ती किशोरकडेही बघत नव्हती. किशोरच्या मनात आलं, नुसतं गप्प बसलं तरी पुरे आहे. पुण्याची बस तासाभरात होती. बॅग टेबलाखाली होती.

"नाही, भाऊ," तो म्हणाला. "माझ्या ओळीत होतं. पहिल्या दिवसापासून. तिने फक्त वाचता येईल असं केलं."

भाऊंनी चष्मा खिशात ठेवला. ओरडले असते तर किशोरने ऐकून घेतलं असतं. "सावळीरामनं तुला इचारलं व्हतं," ते म्हणाले. "त्यानं मला सांगितलं व्हतं, तू तपासलं म्हनून. मी भागीबाईला सोता जाऊन सांगून आलो, कॉम्प्युटर खोटं बोलत नाय, अक्का." त्यांनी गाडीची किल्ली उचलली. "तू जा पुन्याला. आता कोन अडवतंय तुला? पन आधी माझ्याबरुबर चल."

दोघं निफाडच्या रस्त्याला लागले. भागीबाई कुशारेचं घर शेतातच होतं. नवऱ्याने टाकल्यावर ती माहेरच्या गावी येऊन बापाने दिलेला तुकडा कसत होती. भाऊ तिची नेहमी तारीफ करत, बागेत तण दिसायचं नाही म्हणायचे. गाडी थांबली तेव्हा किशोरने बाग शोधली. बाग नव्हती. नांगरलेलं रान होतं आणि बांधाच्या कडेला मांडवाचे लोखंडी अँगल रचून ठेवले होते, त्यावर तारेची भेंडोळी.

भागीबाईने पाणी आणून दिलं. भाऊंनी सांगायला सुरुवात केली आणि मधेच किशोरकडे पाहिलं. मग किशोरने सांगितलं. मावशी, तुमच्या नावात मधलं नाव नव्हतं, म्हणून मशीन तुमचा माल शेवटी ठेवायचं. तुमची काही चूक नव्हती.

"नवऱ्याचं लावायचं नव्हतं," ती म्हणाली. "आन् बापाचं लावलं तर भावांच्या पोटात दुखायचं. म्हनून नाय लावलं." तिने तांब्या उचलून घेतला. "म्हंजे माल चांगला व्हता माझा?"

"चांगला होता. पहिल्या नंबरचा होता."

तिने बांधावरच्या अँगलांकडे पाहिलं. "लोकं म्हनायची, बाईच्या पान्यातच खोट हाय. मी पानी बदललं, खत बदललं. नाय नाय ते केलं. मागच्या साली सोता कुऱ्हाड घेऊन तोडली." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिला खरोखरच काही समजून घ्यायचं होतं. "इतकी वर्सं कोनाच्या ध्यानात आलं नाय?"

"ती ओळ कोणाला वाचता येत नव्हती, मावशी." किशोर म्हणाला. "मलासुद्धा."

"तुमाला बी नाय?" भागीबाईने भाऊंकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे. "मंग लिव्हली कोनी?"

किशोरच्या खिशात फोन वाजायला लागला. मीनाचा असणार, कुठपर्यंत आलास विचारायला. त्याने तो उचलला नाही. भागीबाई रिकामा तांब्या हातात धरून उत्तराची वाट बघत उभी होती.